कॅनबेरातला अतातुर्क आणि आपल्या चावडीवरची फरशी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



'ऑस्ट्रेलियातल्या गमतीजमती सांग' असा मला आदेश आहे. कांगारूंचं जेवताना सांगेन. आधी एका स्मारकाबद्दल बोलते, कारण ते बघून मला आपलं गाव आठवलं.

मी कॅनबेरात सॉफ्टवेअरची नोकरी करते. ऑस्ट्रेलियाच्या या राजधानीत अँझॅक परेड नावाचा रुंद रस्ता आहे. दुतर्फा युद्धस्मारकं आणि टोकाला मोठं राष्ट्रीय युद्धस्मारक. त्याच्या जवळच चंद्रकोरीसारखी वळलेली एक भिंत आहे आणि तिच्यावर ब्राँझमधला एक चेहरा. मला वाटलं, असेल इथलाच कुणी सेनापती. पाटी वाचली तर मुस्तफा केमाल अतातुर्क! १९१५ साली गॅलिपोलीत आठ हजारांवर ऑस्ट्रेलियन सैनिक मेले, तेव्हा समोरच्या तुर्की फौजेतल्या एका डिव्हिजनचा हा प्रमुख. पुढे तुर्कस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष.

शत्रूचं स्मारक, तेही राजधानीत? त्यामागे देवाणघेवाण आहे. १९८५ साली तुर्कस्तानने गॅलिपोलीच्या त्या किनाऱ्याला अँझॅक सैनिकांचं नाव अधिकृतपणे दिलं आणि ऑस्ट्रेलियाने हे स्मारक उभारलं. तिथे गॅलिपोलीची मातीही ठेवली आहे. शिलालेखाचा आशय असा, की दूर देशीच्या आयांनो, डोळे पुसा, तुमची मुलं आता आमच्या मातीत आहेत, ती आमचीच झाली. हे शब्द अतातुर्कचेच, याला पक्का पुरावा नाही, असं काही इतिहास संशोधक म्हणतात. तरी मी वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आणि मागोमाग थोडा रागही आला.

माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. पुणे डिव्हिजनबरोबर ते इराकमध्ये गेले. कुत या गावाला तुर्कांनी जवळजवळ पाच महिने वेढा घातला. आतल्यांची उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार जण शरण गेले. त्यांत बहुसंख्य भारतीय. कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत हजारो मेले. घरी पेन्शन सुरू झाली, पण पणजीने कितीतरी वर्षं कुंकू पुसलं नाही. "तुर्कांनी धरलंय, सोडतील कधीतरी," म्हणायची. तिला डोळे पुसायला कुणी सांगितलं नाही.

आपल्या चावडीच्या भिंतीतली संगमरवरी फरशी आठवते ना? शाळेत येता-जाता आपण तिला दप्तर टेकवून उभे राहायचो. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांतले इतके मेले, असे दोन आकडे. नाव एकही नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. ब्रिटिशांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीनुसार नुसता आकडा.

कॅनबेराच्या युद्धस्मारकात ब्राँझच्या पट्ट्यांवर एक लाखाहून जास्त नावं आहेत. कुणाचाही हुद्दा लिहिलेला नाही. जनरल आणि शिपाई एकाच मापाच्या अक्षरांत. लोक आपल्या माणसाचं नाव शोधून शेजारी लाल पॉपीचं फूल खोचतात. तिथे उभं राहिल्यावर मला वाटलं, शत्रूला मान देण्याचा मोठेपणा यांना परवडला, कारण आपल्या प्रत्येक माणसाचं नाव त्यांनी आधी लिहून ठेवलं होतं. माझं अतातुर्कशी भांडण नाही. पण माझ्या पणजोबांचं नाव कुठेच नसताना मी एवढ्या मोठ्या मनाने त्याला फूल कसं वाहू?

आमच्या धंद्यात नुसता आकडा दिसला, की पहिला प्रश्न येतो, मागची यादी कुठे आहे? यादी आहे! राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता इंटरनेटवर आहेत. बऱ्याच शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सापडतो. स्पेलिंग इंग्रजांनी ऐकलं तसं, म्हणून आपलं गाव चटकन ओळखू येत नाही. तीन रात्री जागले, तेव्हा पणजोबा सापडले. त्या रात्री भावाला फोन केला, आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

म्हणून एक मागणं आहे. आपण आसपासच्या कितीतरी गावांतून या शाळेत आलो. प्रत्येकाने आपल्या गावच्या फरशीचा फोटो काढा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, घरातली जुनी पेन्शनची कागदपत्रं, पदकं बघा. नोंदींशी ताळा करून यादी करण्याचं काम माझं. ग्रामपंचायतीची परवानगी काढून त्या दोन आकड्यांशेजारी नावांची एक साधी पाटी लावू. मराठीत, हुद्द्याशिवाय.

पुढच्या मेळाव्याला येईन तेव्हा सगळ्यांनी मिळून चावडीवर जाऊ. तेवढं झालं, की कॅनबेरात परतल्यावर त्या चंद्रकोरीच्या भिंतीपाशीही मी एक फूल ठेवीन.