वळणावरचे पायडल

भरवेगात वळणावर कललेला सायकलस्वार पाय चालवीतच राहिला, तर आतल्या बाजूचे पायडल खाली येऊन रस्त्यावर टेकते आणि क्षणमात्र सारा भार त्या एका टोकावर येऊन मागचे चाक उचलले जाते, हा अपघातांतील मोठा घातक प्रकार होय.

ज्या आसाभोवती क्रँक फिरतो तो जमिनीपासून २७० मिलिमीटर उंच आणि क्रँक १७० मिलिमीटर लांब असेल, तर तळाशी आलेल्या पायडलाखाली, त्याची निम्मी जाडी वजा जाता, शंभराहूनही कमी मिलिमीटर उरतात. आणि हा हिशेब सायकल उभी असतानाचा आहे. १६५ मिलिमीटरचा क्रँक बसविल्यास पाच मिलिमीटर पदरात पडतात खरे, परंतु कलण्याची मुभा त्याने जेमतेम एका अंशाने वाढते. म्हणून माझ्या मते खरी तजवीज पायांतच आहे: वळणापूर्वी पाय थांबवावेत, आतले पायडल वर, बाहेरचे तळाशी ठेवावे आणि शरीराचा भार बाहेरच्या पायावर द्यावा.

शर्यतीच्या बंदिस्त धावपट्टीवरील सायकलीला मात्र ही सवलत नाही. तिचे मागचे चाक फिरते तोवर पायडल फिरणारच, आणि उतरत्या भिंतीसारख्या त्या वळणावर वेग मंदावला की वरच्या अंगाचे पायडल पृष्ठभागाला लागण्याचे भय असते; यास्तव तेथे आस उंच आणि क्रँक बहुधा आखूड योजण्याचा शिरस्ता आहे.

आपल्या क्रँकची लांबी पाहावयाची असल्यास पायडलाच्या भोकाजवळ, आतल्या अंगास, ती बहुधा कोरलेली आढळते.