आजाऱ्याच्या खाटेपाशी प्रार्थना

ख्रिस्ती लोक आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात ती काय असते, ते जरा समजावून सांगा, असं आकाशवाणीनं मला कळवलं. खरं तर हा विषय पाळकसाहेबांचा. मी नर्सिंग शिकवलेली बाई. पण आजारी माणूस, त्याचे नातेवाईक आणि रात्रपाळीचा वॉर्ड यांच्याशी माझा संबंध पाळकसाहेबांपेक्षा जरा जास्तच आलाय, त्या जोरावर बोलते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी हे पाहिलेलं असणार. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये शेजारच्या खाटेभोवती चार-पाच माणसं उभी राहतात, डोळे मिटतात, एक जण हळू आवाजात बोलू लागतो. मराठीत, तेलुगूत नाहीतर कन्नडमध्ये. आपल्या सोलापुरात तिन्ही चालतं. शेवटी सगळे 'आमेन' म्हणतात. कुणी कपाळाला तेलाचं बोट लावतं. ही रीत फार जुनी आहे. नव्या करारात याकोबाचं पत्र आहे, त्यात लिहिलंय की कुणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आजाऱ्यानं बोलवावं, बरं का. आपण होऊन वीस माणसं घेऊन जावं असं याकोबानं कुठंही म्हटलेलं नाही.

कॅथलिक लोकांत हा संस्कारच आहे. पूर्वी तो बहुधा अगदी शेवटच्या घटकेला देत, त्यामुळे फादर दारात दिसले की घरात रडारड सुरू व्हायची. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी तो विधी नव्यानं आखून दिला. आता मोठ्या आजारात, ऑपरेशनच्या आधीसुद्धा तो घेता येतो. आणि बांद्र्याच्या मोत माउलीची, म्हणजे मरियामातेची, सप्टेंबरातली जत्रा तुम्हाला ऐकून माहीत असेल. ज्याचा जो अवयव दुखतो तो मेणाचा करून वाहतात. वाहणारे सगळे ख्रिस्तीच असतात असं मुळीच नाही.

आता मूळ कथांकडे येते. येशूनं लोकांना बरं केलं, त्या कथा चारही शुभवर्तमानांत आहेत आणि त्यांत एक ठरलेली पद्धत नाही. कुणाला हात लावला, कुणाला नुसता शब्द. जन्मांधाच्या डोळ्यांना थुंकीत कालवलेली माती लावून तळ्यावर धुवायला पाठवलं. बेथसैदाच्या आंधळ्याला तर दोनदा हात लावला. पहिल्या खेपेला त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसली. म्हणून 'अमुक शब्द म्हणा, हमखास बरे व्हाल' असं जो सांगतो, त्यानं ही पुस्तकं नीट वाचलेली नाहीत, असं मी समजते.

मला स्वतःला बार्तीमय फार आवडतो. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा भिकारी. तो हाका मारतो, लोक म्हणतात गप्प बस, तो आणखी मोठ्यानं ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आता सांगा, आंधळ्याला हे विचारायचं असतं का? समोर दिसत नाहीये का? पण विचारलं. माझ्या विद्यार्थिनींना मी पहिल्याच आठवड्यात हे सांगायची. केसपेपर वाचलात, निदान कळलं, तरी विचारा. आजोबांच्या डोक्यात गुडघा नसतो, नातीचं लग्न असतं. बाईला पोटातल्या गाठीपेक्षा, आपण इथं पडलो तर घरी विड्या कोण वळणार, ही काळजी असते. प्रार्थना करणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं. आधी विचारा. न विचारता केलेली प्रार्थना पुष्कळदा आपल्याच भीतीची असते, आजाऱ्याची नसते.

या बार्तीमयाचं नाव आपल्या रेल्वेमार्गावर आहे. सोलापूरहून पुण्याला निघालात की दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळात, प्लेगच्या दिवसांत निराधार झालेल्या मुलीबाळींना रमाबाईंनी तिथं आसरा दिला. १९०५ च्या जूनमध्ये तिथं प्रार्थनेची अशी लाट उसळली की जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात तिची नोंद झाली. मुली तासन् तास प्रार्थनेत असत. म्हणजे प्रार्थनेची ताकद या बाईंना कुणी शिकवायला नको होती.

पण याच रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या होत्या त्या डॉक्टर व्हायला. कान अधू होत चालले होते, म्हणून ते शिक्षण मिळालं नाही. १९२२ मध्ये त्या वारल्या. कान काही परत आले नाहीत. जिच्या प्रार्थनेची कीर्ती सातासमुद्रापार गेली, तिला स्वतःला नीट ऐकू येत नव्हतं. कुणाची छाती होती तिला सांगायची, की बाई, तुमचा विश्वास कमी पडला?

आणि मुक्तीमध्येच अंध मुलींसाठी एक घर होतं, त्याचं नाव बार्तीमी सदन. दृष्टी मिळालेल्या माणसाचं नाव, आणि आत राहणाऱ्या मुलींना दिसत नव्हतं. मला यात विसंगती वाटत नाही. त्या मुलींना ब्रेल शिकवली, हातकाम शिकवलं. त्यासाठी रमाबाईंची लेक मनोरमा स्वतः ब्रेल शिकली होती. तुझ्यासाठी काय करू, या प्रश्नाला उत्तर 'डोळे दे' असंच येतं असं नाही. वाचता येऊ दे, चार पैसे मिळवता येऊ देत, असंही येतं. मुक्तीनं ते उत्तर मनावर घेतलं. मी याला बरं करणंच म्हणते.

मुक्तीसारखाच मिरजेचा मिशन दवाखाना तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर वानलेस १८८९ मध्ये या देशात आले, १८९४ मध्ये मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं. ऑपरेशनआधी रोग्यापाशी प्रार्थना करायची, ही मिशन दवाखान्यांची जुनी रीत. पण प्रार्थना केली म्हणून हत्यारं उकळायची राहिली, असं तिथं कुणाला चालत नसे. प्रार्थनाही करायची, हत्यारंही उकळायची.

शास्त्रज्ञांनी प्रार्थना तपासून पाहिलीय. २००६ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपासच्या १८०२ रोग्यांचा अभ्यास छापला. अनोळखी लोकांच्या प्रार्थनेनं गुंतागुंत कमी झाली नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना चाललीय हे ज्यांना पक्कं माहीत होतं, त्यांच्यात ती ५९ टक्क्यांना झाली; ज्यांना खात्री नव्हती पण ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती, त्यांच्यात ५२ टक्क्यांना. अहो, माझ्यासाठी प्रार्थना बोलावली म्हणजे मी एवढा सिरीयस आहे की काय, असं रोग्याला वाटलं असेल! पण प्रार्थना यादीतल्या नावासाठी करणं वेगळं, आणि खाटेपाशी बसून, भांडं उचलून, पाणी पाजून करणं वेगळं. त्या दुसऱ्या प्रार्थनेचा हिशेब त्या अभ्यासात नव्हता.

आता थोडं रागावते, चालवून घ्या. प्रार्थनासभेहून आल्यावर साखरेच्या, बीपीच्या गोळ्या बंद केलेली माणसं मी वॉर्डात पाहिलीत. गोळी चालू ठेवली तर विश्वास कच्चा ठरतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. टीबीचं तर फारच वाईट. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस सभेत 'मी बरा झालो' अशी 'साक्ष' देतो आणि औषध सोडतो. मग तोच जंतू औषधाला दाद न देणारा होऊन परत येतो, घरातल्या लेकरांनाही धरतो. आणि बरा झाला नाही, तर पुन्हा त्याच्यावरच ठपका, तुझाच विश्वास उणा! हे क्रूर आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवलाय. त्यात कुठल्या एका धर्माचं नाव नाही. सगळ्यांनी ऐकावं.

समोरून खूण होतेय, वेळ संपत आली. प्रेषित पौलाबद्दल बोलायचं राहूनच गेलं. त्यानं आपल्या व्याधीसाठी तीनदा प्रार्थना केली आणि ती व्याधी गेली नाही, आणि आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला मात्र पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायचा घरगुती सल्ला दिला, एवढंच सांगते. बाकी तुमच्या पाळकसाहेबांना विचारा. ख्रिस्ती असा की नसा, उद्या कुणाला पाहायला दवाखान्यात गेलात तर भेटीच्या वेळेतच जा, दोघांपेक्षा जास्त जाऊ नका, प्रार्थना करू का असं आधी त्यालाच विचारा, आणि निघताना दुपारची गोळी घेतलीय का तेही विचारा.