साडेसतरा टनांचे सतरा

सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर दोनदा चढते. आधी भरलेली, मग रिकामी. दोन्ही वजनांची वजाबाकी करायची आणि येईल त्याला टनाच्या दरानं गुणायचं. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते मुळात हेच: कामाच्या पायऱ्या क्रमानं, एकही न गाळता मांडणं. भाषा नंतर येते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. संगणकशास्त्राला अनेक वर्षं ही पहिली भाषा 'सी' राहिली आहे. डेनिस रिची यांनी ती 1972च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घडवली. भाषा शिस्तीची, पण खोडकर. तिला 17500 किलोंना 1000नं भागायला सांगा. दोन्ही पूर्णांक, म्हणून उत्तर येतं 17. पाचशे किलो ऊस गायब! शेतकऱ्याच्या पोराला ही चूक दुसऱ्यांदा समजावावी लागत नाही. 1000ऐवजी 1000.0 लिहिलं, की अर्धा टन परत येतो.

इंग्रजीचा धाक वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाचे सी भाषेचे धडे मराठीतूनही ऐकता येतात, तेही मोफत.