दुसऱ्या माणसाचा खर्च



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे कर्णबधिरांच्या हक्कांविषयी बोलताना मी हिशेबापासूनच सुरुवात करतो. आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले आणि या प्रश्नात दयेपेक्षा हिशेब अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे.

2011 च्या जनगणनेत देशातील सुमारे 50 लाख श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी एक टोकावड्याकडील पाड्यावरचा शेतमजूर आहे, असे समजू. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्याला श्रवणतपासणीचे यंत्र आणि तज्ज्ञ असतील तेथवर जावे लागते. कसाऱ्याच्या माणसाला निदान लोकल आहे, याला एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. खिडकीवर त्याचे म्हणणे सांगायला भाऊ सोबत येतो. भाडे दोघांचे, बुडालेली मजुरीही दोघांची. बँक, तहसील कचेरी, पोलीस ठाणे, सर्वत्र हेच. शासनाने दुभाष्याचा खर्च टाळला, तरी तो नाहीसा होत नाही. या कुटुंबाच्या मजुरीतून तो वसूल होतो.

शिवाय पैशात न मोजता येणारे नुकसान आहे. कर्णबधिर स्त्रीला आपले दुखणे दिराच्या तोंडून डॉक्टरांना सांगावे लागते. तिची तक्रार त्या दिराविरुद्धच असेल, तर ती कोणाच्या तोंडून सांगणार?

2016 चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याने सांकेतिक भाषेला संवादाचे माध्यम मानले आणि साक्ष आपल्या पसंतीच्या भाषेत नोंदवून घेण्याची सोय करणे शासनावर सोपवले. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका कर्णबधिर वकील महिलेने दुभाष्याच्या साहाय्याने युक्तिवाद केला. म्हणजे कायदा आहे आणि उदाहरणही आहे.

गावात एखाददुसरा कर्णबधिर असतो, त्याच्यासाठी दुभाष्या कसा परवडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो गाव हे एकक धरल्यामुळे निर्माण होतो. तालुका हे एकक धरा. ठरलेल्या वारी तालुक्याच्या ठिकाणी एक दुभाष्या बसला, तर त्याचा खर्च अनेकांत विभागला जातो. इतर दिवशी दूरध्वनीवरील चित्रसंवादाने काम भागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पाड्यावरच्या अनेकांना घरगुती खुणांपलीकडे सांकेतिक भाषा कोणी शिकवलेलीच नाही. ते खरे आहे, आणि म्हणूनच ती भाषा मुलाला लहानपणीच मिळाली पाहिजे, ही मागणी पहिल्या मागणीला जोडूनच केली पाहिजे.

वांद्र्याला 1983 पासून कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तानसा आणि भातसाचे पाणी या तालुक्यातून रोज मुंबईला जाते. मग मुंबईहून आठवड्याला एक दुभाष्या आणि श्रवणतज्ज्ञ इकडे येणे अशक्य का मानावे?

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. पुढच्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा. तो प्रश्न कर्णबधिर माणसाला स्वतः विचारता येईल, एवढी व्यवस्था मात्र त्याआधी आपण करावी.