गिरणीतला संवाद आणि धोट्याचा प्रश्न



निरनिराळ्या जातींची, भाषांची आणि प्रांतांची माणसे एका छपराखाली काम करू लागली, की त्यांच्यात संवाद कसा साधावा, याचे वर्ग आता व्यवस्थापनशास्त्र घेते. परळ-लालबागच्या गिरण्यांपुढे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा होता. रत्नागिरीचा कोकणी, साताऱ्याकडचा घाटावरचा, उत्तर हिंदुस्थानी, तेलंगणातला पद्मशाली आणि मदनपुऱ्यातला मोमीन विणकर एकाच भोंग्यावर आत शिरत. भाषेवाचून कोणाचे फारसे अडले नाही. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीवर साचे चालत राहिले.

अडत होते ते निराळ्याच ठिकाणी. भरती जॉबरच्या हाती, रजा त्याच्या हाती, बदलीचा दिवसही त्याच्याच हाती. साहेबाचा शब्द त्याच्या तोंडून खाली येई आणि कामगाराची तक्रार त्याच्या मर्जीने वर जाई. शेजारच्या साच्यावरील माणसापेक्षा गावचा जॉबर जवळचा वाटे, यात नवल ते काय?

याहून खोल भिंत विणाई खात्यात होती. धोट्यातली कांडी संपली, की विणकर नवी कांडी भरून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आपले तोंड कसे लावावे, म्हणून सवर्ण विणकरांनी दलित कामगारांना या खात्यात येऊच दिले नाही. अधिक मजुरीचे खाते त्यांना बंद. वाट्याला बहुधा त्रासन खाते. यंत्रे विलायती, विटाळ मात्र अस्सल देशी!

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. तरीही धोट्याचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांनी आपण होऊन हाती घेतला नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो बाहेरून लावून धरावा लागला. मागण्यांत त्याचा समावेश झाला, तोही नाखुशीने. मालकांनी उलट सुनावले, की हा अन्याय असेल तर त्याची जबाबदारी आमच्यावर नाही. मालकाकडून एवढे खरे ऐकून घ्यावे लागणे, याहून मोठी नामुष्की कामगार चळवळीची कोणती?

१९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. त्याला फूट म्हणून मोकळे होणे सोपे होते. ज्यांचे ऐकलेच गेले नव्हते त्यांनी हाकेला ओ का द्यावी, हे स्वतःला विचारणे अवघड होते. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा कॉ. डांगे आणि बाबासाहेब एकत्र आले; पण तोवर बाबासाहेबांच्या पाठीशी स्वतंत्र मजूर पक्ष उभा होता, आणि त्यांचा शब्द आता कोणाला टाळता येण्याजोगा नव्हता.

आज त्यांतल्या कित्येक गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत. दारावर बिहारचा रखवालदार, जिन्यात झाडूवाली, वर संगणकापुढे पदवीधर, आणि प्रत्येकाच्या पगाराचा धनी निराळा. वरच्या मजल्यावर संवादकौशल्याचे वर्ग भरतात. झाडूवालीला तिथे खुर्ची नसते. पाणी कुठल्या नळावर प्यायचे आणि डबा कुठल्या पायरीवर उघडायचा, हे तिला कंत्राटदाराचा मुकादम सांगतो.