वस्तू सापडते, तेव्हा

जमिनीतून निघालेली वस्तू तिथे कशी आली, हे ठरवताना अभ्यासक तीन गोष्टी पाहतात: ती कोणत्या थरात होती, कशाची बनली आहे आणि तिच्या आजूबाजूला काय होते. यांतली तिसरी गोष्ट बरेचदा सर्वांत बोलकी असते आणि घाईच्या खणण्यात सर्वांत आधी तीच नाहीशी होते. नागपूर परिसरातल्या शोधांवरून हे नीट कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या प्रदेशात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात शंख कुठून येणार? पण शंख लाव्ह्यात नव्हतेच. ते दोन थरांच्या मधल्या गाळात होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दोन उद्रेकांमध्ये खंड पडे, सखल भागांत तळी साचत, त्यांत जीव वाढत आणि पुढचा लाव्हा सारे झाकून टाकी. थराने कोडे सोडवले.

दुसरे उदाहरण शिलावर्तुळांचे. नागपूरच्या मनीषनगर या वस्तीच्या दक्षिणेला बुटीबोरीजवळ टाकळघाट, आणि शहराच्या दुसऱ्या बाजूला काटोल रस्त्यावर जुनापाणी, इथे मोठ्या दगडांची गोल रिंगणे आहेत. टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्ये हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडून मरण पावले. त्यानंतर रिव्हेट-कार्नक या अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे उकरली. त्यांतून लोखंडी हत्यारे, मडकी आणि घोड्याच्या तोंडातल्या लोखंडी कड्या निघाल्या. शेतात लगामाची कडी मिळाली असती तर ती कोणत्याही काळातली मानता आली असती. दफनात, मडक्यांसोबत मिळाल्याने तिचा काळ आणि उपयोग दोन्ही कळले: ही वर्तुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफने आहेत. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी माहुरझरी येथील अशाच वर्तुळांचे उत्खनन केले, तेव्हा माणसांसोबत पुरलेले घोडे आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे तांब्याचे अलंकारही मिळाले.

एवढे लोखंड आले कुठून, याचे उत्तर वस्तूंत नव्हते, ते कारागिरीच्या केरकचऱ्यात होते. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंड येथे १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी आणि तिची मळी सापडली. म्हणजे लोखंड इथेच तयार होत होते. माहुरझरीच्या वस्तीत अर्धवट घडलेले दगडी मणी मिळाले, त्यावरून मणी तिथेच बनत होते हे ठरले. तयार मणी दूरवरून येऊ शकतो. अर्धवट मणी मात्र सहसा कारखान्याजवळच पडून राहतो.

याच्या उलट गोष्ट बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाची. १८७० मध्ये गुरे राखणाऱ्या मुलांना तिथे मातीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. काही पत्र्यांना शिंगे असलेल्या बैलाच्या मुखाचा आकार होता. तांब्याचे वजन पावणेचारशे किलोच्या घरात होते. पण सोबत वस्ती, दफन वा भट्टी यांच्या नोंदी नाहीत. त्यामुळे हा साठा कुणी आणि का पुरला, याबद्दल आजही तर्कच करावे लागतात.

मनीषनगरसारख्या वाढत्या वस्तीत पाया वा विहीर खणताना काही निघाले, तर पहिले काम ते उचलणे नव्हे. खोली, मातीचा रंग आणि शेजारच्या वस्तू टिपून, फोटो काढून ठेवावेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. या कळवण्यामुळे वस्तू शासनाच्या नजरेत येते आणि तिच्या जागेचा पुरावाही वाचू शकतो.