दुभाष्यावाचून

ज्यांच्या नाटिका व फिशपाँड यांच्या मधोमध एक अडसर म्हणून मला आज उभे करण्यात आले आहे, त्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्याने काय बोलावे, याचा एक अलिखित सरकारी नमुना आपल्याकडे रूढ आहे. त्यात जिद्द व चिकाटी यांचे रकाने आधीच आखलेले असून, पाहुण्याने फक्त आपले नाव व हुद्दा तेवढा भरायचा असतो. परंतु उभी हयात कोषागाराच्या कचेरीत नमुने तपासण्यात गेल्यामुळे मला त्या प्रकाराचा पुरेसा कंटाळा आला आहे. म्हणून आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते इटालियन भाषेविषयी, आणि तेही त्या भाषेचा पंडित म्हणून नव्हे, तर तिच्या पहिल्या इयत्तेतला एक पांढऱ्या केसांचा विद्यार्थी म्हणून.

तुमच्यापैकी काही जण हसले, ते मी पाहिले. केजच्या बसस्थानकावरून अंबाजोगाईची गाडी मिळते, बीडची मिळते, धारूरची मिळते; रोमची मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. या तालुक्यातल्या एका खेड्यात माझा जन्म झाला. माझे वडील निजामी अमलात शिकले, त्यामुळे शाळेत उर्दू, हिशेबाच्या वहीत मोडी आणि चुलीपाशी मराठी असा त्यांचा तिहेरी व्यवहार अखेरपर्यंत चालू होता, आणि त्यात आपण काही विशेष करीत आहोत असे त्यांना एकदाही वाटले नाही. इतकेच कशाला, आजही तुमच्यातली जी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीसाठी कर्नाटकात जाऊन कोपीवर राहिली आहेत, त्यांना कामापुरती कानडी येते. पण प्रवेशअर्जातल्या 'अवगत भाषा' या रकान्यात ती कानडी कोणी लिहीत नाही. फडात शिकलेली भाषा दप्तरात नोंदवण्याच्या योग्यतेची नसते, अशी आपली काहीतरी समजूत झालेली आहे. ती समजूत इटलीतही होती, आणि तिच्यावरच मी पुढे येणार आहे.

निवृत्तीनंतर मुंबईला मुलाकडे राहत असताना, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मी इटालियनच्या प्रारंभिक वर्गात नाव घातले. वर्गातली बाकीची मंडळी एकोणीस-वीस वर्षांची, महाविद्यालयांतून आलेली. पहिल्याच तासाला आमच्या बाईंनी प्रत्येकाला 'मी क्यामो' म्हणजे 'माझे नाव' एवढ्यावर आपली ओळख करून द्यायला लावली, आणि सदतीस वर्षे ज्याच्या सहीवाचून देयके अडून राहत असत, त्या माझ्यासारख्या गृहस्थाची आपले नाव सांगताना जी त्रेधा उडाली, तिच्यामुळे त्या क्षणी माझे वय पाच वर्षांचे झाले. भाषेच्या आरंभाला असे लहान व्हावेच लागते, त्याला दुसरा मार्ग नाही.

मात्र देवनागरी वाचणाऱ्याला या भाषेने पहिल्याच दिवशी हात द्यावा, अशी तिची रचना आहे. इंग्रजीत लिहायचे एक आणि वाचायचे दुसरे, या अन्यायाला सरावलेल्या आपल्याला, जशी लिहिली तशीच वाचली जाणारी एक युरोपीय भाषा भेटली की माहेर भेटल्यासारखे वाटते. 'सी' या अक्षरापुढे इ किंवा ए आला की त्याचा च करायचा, अन्यथा क. 'एच' हा सर्वस्वी मुका. 'जी' आणि 'एन' जोडून आले की ञ. आपल्या वर्णमालेतला हा ञ बालवाडीपासून बिनकामाचा बसून आहे. इटलीत त्याला कायमची नोकरी आहे. जोडाक्षरांचा आघात तर इंग्रजांच्या जिभेला जमता जमत नाही, आणि आपल्याला तो जन्मतः येतो. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा, हा भेद वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना आठवडाभर घोटवावा लागला. ज्याने 'कला' आणि 'कल्ला' लहानपणापासून वेगळे ओळखले, त्याला त्यात काय कठीण?

पण मला खरे थांबवले ते अंकांनी. इटालियनमध्ये सातला 'सेत्ते' आणि आठला 'ओत्तो' म्हणतात. लॅटिनमध्ये ते 'सेप्तेम्' आणि 'ऑक्तो' होते. लॅटिन ही पंडितांची व धर्मपीठाची. तिच्यातले संयुक्त व्यंजन बाजारात आणि शेतात बोलता बोलता झिजले, आणि 'सेप्तेम्'चे 'सेत्ते' झाले. आता आपल्याकडे पाहा. संस्कृत 'सप्त', प्राकृतात 'सत्त', मराठीत 'सात'; संस्कृत 'अष्ट', प्राकृतात 'अट्ठ', मराठीत 'आठ'. दोन मुलूख, मध्ये समुद्र व वाळवंटे, एकमेकांशी कसला पत्रव्यवहार नाही; आणि तरी दोन्हीकडच्या नांगरधाऱ्याच्या जिभेने पंडिताच्या शब्दाचा तोच कोपरा, त्याच रीतीने घासून गुळगुळीत केला! त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी चर्चगेटच्या गर्दीत दोन गाड्या सोडून दिल्या आणि बाकावर बसून राहिलो.

येथून एका तासाच्या अंतरावर अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. तुमच्यापैकी बहुतेकांची तिथे सहल गेली असेल आणि बहुतेकांनी डबे खाल्ले असतील. त्यांच्या 'विवेकसिंधू'चा काळ परंपरेने शके 1110, म्हणजे इसवी सन 1188 मानला जातो. ब्रह्मविद्या देशी भाषेत सांगावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी ग्रंथ लिहूनच दिले. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत असिसी गावचा संत फ्रान्सिस सूर्याला भाऊ व चंद्राला बहीण मानून आपल्या प्रांताच्या बोलीत ईश्वराचे स्तोत्र रचतो, आणि इटालियन वाङ्मयाचा इतिहास तेथून आरंभ होतो. शके 1212 मध्ये, 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा फ्लॉरेन्सचा दांते पंचविशीत होता. पुढे हद्दपारीत भटकत असताना त्याने लोकभाषेच्या थोरवीवर एक प्रबंध लिहिला, त्यात दाईच्या तोंडून, नियमावाचून शिकलेल्या भाषेलाच अधिक श्रेष्ठ ठरवले. आणि गंमत अशी की हे सगळे त्याला लॅटिनमध्ये लिहावे लागले, कारण ज्यांना पटवायचे ते पंडित दुसरे काही वाचायलाच तयार नव्हते! 'दिव्य कॉमेडी' मात्र त्याने दाईच्या भाषेतच लिहिली. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1861 साली इटलीचे राज्य एक झाले तेव्हा, तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार, शंभरांपैकी जेमतेम अडीच माणसांना आज आपण जिला इटालियन म्हणतो ती भाषा येत होती. बाकीचे आपापली बोली बोलत. म्हणजे इटालियन माणसाचा आजापणजाही या भाषेच्या प्रारंभिक वर्गात माझ्यासारखाच बाकावर बसलेला होता.

भाषेबरोबर संस्कृतीही शिकवतात, असे आमच्या पाठ्यक्रमावर लिहिलेले होते. ती निराळी अशी कधी शिकवली गेली नाही. शब्द उलगडला की ती आतून निघे. 'चाव' हा त्यांचा भेटीचा व निरोपाचा शब्द चित्रपटांमुळे तुम्हालाही माहीत असेल. तो मूळचा व्हेनिसचा, आणि त्याचा अर्थ 'मी आपला दास'. आपल्या जुन्या पत्रांतला 'दासानुदास' आणि उर्दूतला 'बंदा' यांचा हा सख्खा भाऊ आज महाविद्यालयीन पोरांच्या तोंडी हात हलवत हिंडतो. परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला ते 'लेई' म्हणतात, ज्याचा शब्दार्थ 'ती' असा आहे. समोर मिशीवाला न्यायाधीश असला तरी 'ती'. वर्गातल्या मुलांना हे फार हास्यास्पद वाटले. कारण असे की, पूर्वी मोठ्या माणसाला 'आपली प्रभुता' म्हणून संबोधीत, आणि प्रभुता हा शब्द स्त्रीलिंगी. मला मात्र हसू आले नाही. 'महाराजांची स्वारी निघाली' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यात नवल काय वाटावे?

शब्दांचे म्हणाल, तर इटालियनचे भाऊबंद आपल्या घरात चारशे वर्षांपासून नांदत आहेत. पोर्तुगीज ही तिची बहीण. तिने आपल्याला चावी दिली, इटालियनमध्ये ती 'क्यावे'; पगार दिला, इटालियनमध्ये पैसे चुकवणे म्हणजे 'पागारे'; आणि इस्त्री दिली, ती तिथे 'स्तिरारे'. स्वयंपाकघराबद्दल मी बोलू लागलो तर नाटिका उद्यावर जाईल. एवढेच सांगतो की, आमच्या मातोश्री उन्हाळ्यात बाजेवर धोतर पसरून गव्हाच्या पिठाचे जे वळवट करीत, ते बोटवे, ते नखुले, ते गव्हले, यांची आठवण मला इटालियन बायका बोटाने कणकेचे इवलेसे कान वळतात त्याचे चित्र पाहून झाली. त्याला पास्ता म्हणतात आणि तो मुंबईत चढ्या भावाने मिळतो. आपल्या नखुल्यांना कोणी भाव दिला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याला येतो. इटलीशी आपला संबंध आजचा नाही, पण तो बहुतांशी दुभाष्यामार्फत आहे. वाणिज्य शाखेची मुले जी दुहेरी नोंदपद्धती शिकतात, ती लुका पाचोली या भिक्षूने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथातून जगभर गेली; तुम्ही ती इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या मराठी छायेतून वाचता. सावरकरांनी मॅझिनी मराठीत आणला, 1907 साली, तो इंग्रजी आवृत्तीवरून. मारिया माँटेसरी 1939 मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत येथेच राहिल्या. त्या व्याख्याने देत त्या इटालियनमध्ये, आणि त्यांचे चिरंजीव मारिओ शेजारी उभे राहून त्यांचे इंग्रजी करीत. त्यांच्या पद्धतीला ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या मातीत उतरवले, आणि आज प्रत्येक खेड्यात जी अंगणवाडी आहे, तिच्या मुळाशी एक इटालियन विचार दोन दुभाषी ओलांडून आलेला आहे. दुभाष्याचा मी उपमर्द करीत नाही. त्याच्यावाचून जग अडले असते. परंतु दुभाषी मजकूर पोहोचवतो, आवाज पोहोचवत नाही.

एका इटालियनाने मात्र दुभाषी घेतला नव्हता. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा पोरगा चौदाव्या वर्षी घर सोडून निघाला, वाटेत तुर्की व फारसी शिकला, आणि 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या तोफखान्यात पुरंदरच्या छावणीत होता. तिथे शिवाजी महाराजांशी आपले अनेकदा बोलणे झाले, असे त्याने लिहून ठेवले आहे, आणि ते का शक्य झाले तेही लिहिले आहे: त्याला फारसी व हिंदुस्थानी भाषा येत होत्या. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, महाराजांची समजूत अशी होती की युरोपात पोर्तुगालचा तेवढा एकच राजा. मनुचीने त्यांना इतर राजांच्या सामर्थ्याची माहिती दिली. शत्रूच्या छावणीत, तहाच्या त्या अवघड दिवसांत, एक मराठा राजा एका परदेशी गोलंदाजाला त्याच्या मुलखाची विचारपूस करतो, आणि मध्ये तिसरा कोणी नाही.

आपली माणसेही तिकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तेव्हेरे नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, आणि 2023 साली मोंतोने या गावाने त्यांच्या नावे एक छायायंत्र उभारले. आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन सुरक्षित जागी आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या माणसांना त्या नद्यांची नावे तरी नीट कोणी सांगितली होती की नाही, देव जाणे.

आणि त्यांच्याही आधी, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. नोकरीत असताना माझी बदली कोल्हापूरला झाली, तेव्हा त्यांची हकीकत मी प्रथम ऐकली आणि ती मनात रुतून बसली; इटालियन शिकण्याचे खरे निमित्त तेच. विलायतेचा प्रवास आटोपून परत येताना, 30 नोव्हेंबर 1870 रोजी, फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले, आणि 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली, तीत त्यांचा अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'लिन्दियानो', म्हणजे 'तो हिंदी माणूस', एवढेच म्हणतात. शेजारच्या पुलालाही तेच नाव पडले आहे.

प्रारंभिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मुलाने मला इटलीला पाठवले. नदीकाठच्या त्या विस्तीर्ण बागेत मी वाट चुकलो. खिशात भाषांतर करणारे यंत्र होते, पण मी ते बाहेर काढले नाही. बाकावर एक म्हातारा कुत्रा घेऊन बसला होता, त्याला मी वर्गातले वाक्य जुळवून विचारले, 'दोव्हे लिन्दियानो?' हिंदी माणूस कुठे आहे? त्याने मला आपादमस्तक न्याहाळले, माझ्याकडे बोट केले आणि म्हणाला, 'एक्कोलो!' हा काय, इथेच आहे!

आम्ही दोघेही पोटभर हसलो. मग तो उठला आणि कुत्र्यासह माझ्याबरोबर छत्रीपर्यंत आला. इतकी वर्षे तो तिथे फिरायला येत होता, पण आत बसलेला राजा कोण, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने विचारले. आता अडचण अशी होती की प्रारंभिक पाठ्यक्रमात आम्हाला केवळ वर्तमानकाळ शिकवला होता. भूतकाळ पुढच्या पायरीला. शिवाय इटालियनमध्ये माणूस अमुक वर्षांचा 'असत' नाही, त्याच्यापाशी तितकी वर्षे 'असतात'. तेव्हा जेवढे येत होते तेवढ्यात मी त्याला सांगितले: हा राजा आहे. कोल्हापूर त्याचे गाव आहे. त्याच्यापाशी वीस वर्षे आहेत. तो घरी जातो आहे.

म्हाताऱ्याने माझा काळ दुरुस्त केला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि आम्ही बराच वेळ तिथे उभे राहिलो.